छत्तीस गुण, आठ ओहम

१

१९९२ च्या मे महिन्यात मी मामाच्या स्पीकरमधले दोन्ही ट्विटर जाळले. मामा-मामी आठ दिवसांसाठी कोकणात गेले होते. नारायण पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांची किल्ली माझ्याकडे होती आणि मी नुकताच पंधरा वॉटचा एक अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतला होता. मामाचे स्पीकर ‘शंभर वॉटचे’. सुताराकडून करून घेतलेल्या पेट्या आणि आत एका आप्ताने परदेशातून आणून दिलेले ड्रायव्हर. पंधरा वॉट शंभर वॉटचे काय वाकडे करणार, असा माझा सरळ हिशोब होता. मित्र जमले, आवाज वाढत गेला आणि रात्री साडेदहाच्या सुमारास गाण्यातली चमक एकाएकी गेली. बाकी कोणाच्या ते लक्षात आले नाही, माझ्या आले. मी सगळे होते तसे जोडून ठेवले आणि गप्प बसलो.

मामाही काही बोलला नाही. पुढचे सात महिने तो रोज सकाळी त्याच स्पीकरवर आपल्या रेकॉर्डी ऐकत राहिला. डिसेंबरात एकदा चहा पिता पिता म्हणाला, ‘‘अरे, हल्ली तानपुरा भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटतो. पूर्वी जवारी कशी समोर उघडायची. कान गेले बहुतेक माझे. वय झालं.’’ तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता.

या विषयाचा माझा अभ्यास त्या वाक्यापासून सुरू झाला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. जे काही शिकलो ते तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या बाकांवर, जुन्या बाजारातून वजनावर घेतलेल्या परदेशी मासिकांतून आणि हाताला चटके बसत. स्टिरिओ रिसीव्हर किंवा अ‍ॅम्प्लिफायरशी स्पीकरची जोडी कशी जमवावी, हा प्रश्न वरवर तांत्रिक आणि दुकानदारीचा वाटतो. पण या प्रश्नाभोवती बाजाराने आणि मासिकांनी गेल्या सत्तर वर्षांत एक भाषा रचली आहे. माहितीपत्रकांची भाषा, आकड्यांची भाषा आणि नंतर विशेषणांची भाषा. प्रस्तुत लेख ही त्या भाषेची समीक्षा आहे. या भाषेपायी ग्राहकाचे पैसे जातात ही तक्रार जुनी आहे. माझी तक्रार अधिक गंभीर आहे : या भाषेपायी ऐकणाऱ्याचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास जातो. दोष यंत्रांच्या जोडणीत असतो आणि माणूस तो स्वतःत शोधत बसतो.

२

‘ध्वनिवर्धक’ हा शब्द मराठीत आपण अ‍ॅम्प्लिफायरलाही वापरतो आणि स्पीकरलाही. गणेशोत्सवाच्या सुमारास ‘ध्वनिवर्धकांवर बंदी’ अशी बातमी येते तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर मांडवातले कर्णे येतात. शब्दाची फोड केली तर मात्र तो अ‍ॅम्प्लिफायरचा अर्थ सांगतो. परिभाषेच्या दृष्टीने ही ढिलाई झाली, पण यंत्राच्या इतिहासाच्या दृष्टीने तीत शहाणपण आहे. आज घरोघर असलेला फिरत्या कॉइलचा स्पीकर चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडला. त्या वेळच्या रेडिओ संचातून निघणारी शक्ती या स्पीकरला पुरण्यासारखी नव्हती. म्हणून तो ‘रेडिओला १०४’ या नावाने बाजारात आला तेव्हा त्याच्याच पेटीत त्याचा अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता. म्हणजे ही जोडी जन्मतः एकत्र होती. तिला निराळे केले ते नंतरच्या काळाने.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि इंग्लंडात ‘हाय-फाय’चा छंद फोफावला आणि प्रत्येक भाग सुटा मिळू लागला. पुढे सोयीसाठी रेडिओ ट्यूनर, प्री-अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर अ‍ॅम्प्लिफायर असे तिन्ही भाग एका पेटीत घालून ‘रिसीव्हर’ तयार झाला. स्पीकर मात्र वेगळेच राहिले. एका कंपनीचा रिसीव्हर, दुसरीचे स्पीकर आणि तिसऱ्याचे घर, अशी परिस्थिती आली तेव्हा ‘मॅचिंग’ हा शब्द जन्माला आला.

आपल्याकडे हा शब्द ऐकला की मला पत्रिका जुळवणे आठवते. दुकानदार दोन माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवतो : इकडे पन्नास वॉट, तिकडे पन्नास वॉट, इकडे आठ ओहम, तिकडे आठ ओहम, छत्तीस गुण जमले, घेऊन जा. स्थळे एकमेकांना भेटलेलीच नसतात. संसार ज्या खोलीत करायचा आहे तिची तर कोणी चौकशीही करत नाही.

३

प्रथम वॉट. या एका शब्दाइतकी फसवणूक ध्वनियंत्रांच्या व्यवहारात दुसऱ्या कशाने केली नसेल.

१९६० च्या दशकाअखेरीस अमेरिकन जाहिरातींत ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’, ‘इन्स्टंटेनियस पीक पॉवर’ असे शब्द रुळले होते. एकच यंत्र एका व्याख्येने वीस वॉटचे ठरे आणि दुसऱ्या व्याख्येने शंभराचे. अखेर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला आणि तो ४ नोव्हेंबर १९७४ पासून अमलात आला. त्यानुसार उत्पादकाला शक्तीचा दावा करायचा असेल तर ती अखंड देता येणारी सरासरी शक्ती हवी. किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंपनसंख्येपासून कोणत्या कंपनसंख्येपर्यंत आणि किती विकृतीसह, हेही सोबत सांगणे बंधनकारक झाले. शिवाय मोजणीपूर्वी यंत्र एक तास एक-तृतीयांश शक्तीवर चालवायचे होते. नेहमीच्या घडणीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उष्णता सर्वांत जास्त होते ती पूर्ण शक्तीवर नाही, अशा मधल्या शक्तीवर. त्यामुळे ही अट कडक होती. पुढे २००० मध्ये ती सौम्य करून एक-अष्टमांशावर आणली गेली आणि २०२४ मध्ये मोजणी सर्वांसाठी एकसारखी करण्यात आली.

हा नियम मला वाङ्मयीन दृष्ट्याही महत्त्वाचा वाटतो. एका विधानाला अर्थ यायचा असेल तर त्याच्यासोबत कोणती उपवाक्ये असलीच पाहिजेत, हे एका सरकारी कार्यालयाने ठरवून दिले. ‘शंभर वॉट’ हे अपुरे वाक्य आहे. ‘दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना, आठ ओहमवर, वीस ते वीस हजार हर्ट्झ, अमुक टक्क्यांहून कमी विकृतीसह, दर बाजूस शंभर वॉट’ हे पूर्ण वाक्य.

पण आकडा खरा झाला म्हणून हाव कमी होत नाही. नियमानंतर जपानी रिसीव्हरांमध्ये वॉटची शर्यत लागली. पायोनियरचा १९७४ चा एसएक्स-१०१० दर बाजूस १०० वॉटचा होता. १९७६ चा एसएक्स-१२५० हा १६० वॉटचा आणि १९७८ चा एसएक्स-१९८० तर २७० वॉटचा, वजन पस्तीस किलोच्या आसपास. आता हिशोब करू. शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला तो ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट शक्ती. शंभरावरून दोनशे सत्तरवर जाण्याने मिळाले किती? ४.३ डेसिबल. चार वर्षांची शर्यत आणि एका माणसाला न उचलणारी पेटी, एवढ्या सगळ्याचा लाभ ऐकू येतो, पण जेमतेम.

आपल्याकडे मात्र असा दंडक बाजारावर दिसला नाही. १९९० च्या दशकात टू-इन-वनच्या आणि डेकच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ ही अक्षरे झळकू लागली. पीक म्युझिक पॉवर आउटपुट. तिची सर्वमान्य व्याख्याच नाही. हजार वॉट पीएमपीओ असे मिरवणाऱ्या यंत्राच्या पाठीमागची छोटी पट्टी वाचली तर ‘वीजवापर ३० वॉट’ असे सापडायचे. भिंतीतून तीस घेणारे यंत्र हजार कुठून देणार? पुढची अक्षरे मोठी आणि मागची बारीक. खरे बोलणारी ती बारीकच. आजही लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या हातभर स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर-बोर्डांवर ‘५०+५० वॉट’ असे असते आणि ग्राहक ते घरातल्या जुन्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालवतो. बारा व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला गणिताने नऊ वॉटपेक्षा जास्त मिळूच शकत नाहीत. नऊ वॉट वाईट नाहीत, पण पन्नास समजून नऊ घेणारा माणूस बटण फिरवत राहतो आणि आवाज फाटला की म्हणतो, मला यातले काही कळत नाही.

४

मग किती वॉट हवेत? हा प्रश्न अ‍ॅम्प्लिफायरला विचारण्यात अर्थ नाही, तो स्पीकरला विचारायला हवा. उत्तर स्पीकरच्या ‘सेन्सिटिव्हिटी’त असते : एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो.

या एका आकड्यामागे दोन स्वभावांचा इतिहास आहे. एकीकडे पॉल क्लिप्श. अमेरिकेतल्या आर्कन्सा राज्यात होप नावाच्या गावी त्यांनी १९४६ मध्ये ‘क्लिप्शहॉर्न’ बनवायला घेतला. खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा कपाटाएवढा कर्णा, दोन भिंतींनाच कर्ण्याचा पुढचा भाग म्हणून वापरणारा. उत्पादक त्याची संवेदनशीलता १०४-१०५ डेसिबल सांगतात. दुसरीकडे एडगर विल्चर. हा माणूस मला जवळचा वाटतो, कारण तो कलेच्या इतिहासाचा पदवीधर. इलेक्ट्रॉनिक्स शिकला तो युद्धकाळी सैन्यात. १९५४ मध्ये त्याने हेन्री क्लॉस यांच्यासोबत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे ‘अकॉस्टिक रिसर्च’ ही कंपनी काढली. स्पीकरच्या कागदी शंकूला मागून धरणारी ताठ स्प्रिंग सैल करायची आणि तिच्या जागी हवाबंद पेटीतल्या हवेलाच स्प्रिंग म्हणून काम करू द्यायचे, ही त्याची कल्पना. फडताळात मावेल एवढ्या पेटीतून खोल खर्ज निघू लागला. किंमत एकच : हे स्पीकर शक्ती पिऊ लागले.

हे दोन्ही एकाच वेळी साधत का नाही, याचे उत्तर ज्याला ‘हॉफमनचा पोलादी नियम’ म्हणतात त्यात आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता, या तिन्हींपैकी कोणतीही दोन मागा, तिसरी सोडावी लागेल. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत याचे गणित पक्के केले. त्यानंतर स्पीकरची पेटी बांधणे हा अंदाजपंचे उद्योग राहिला नाही.

आता जोडणीकडे येऊ. बीबीसीने बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस ३/५ए हा चिमुकला स्पीकर ८२-८३ डेसिबलचा. क्लिप्शहॉर्न आणि तो यांच्यात वीस डेसिबलहून अधिक फरक आहे, म्हणजे शक्तीच्या भाषेत शंभरपटीहून जास्त. क्लिप्शहॉर्न एका वॉटमध्ये जे करतो त्यासाठी या धाकट्याला शंभर वॉट लागतील आणि तेवढे सतत पेलायची त्याची ताकदच नाही. रिसीव्हरांच्या चार वर्षांच्या शर्यतीने दिलेले ४.३ डेसिबल या वीसांपुढे ठेवून पाहा. जोडीचा निकाल कोणत्या बाजूने लागतो ते उघड आहे.

आपल्या घराचा हिशोब असा. दहा बाय बाराची खोली, ८६ डेसिबलचे दोन साधे स्पीकर, अडीच मीटरवर आपली खुर्ची. शेजाऱ्यांचा विचार करून, पण मन लावून ऐकायचे तर सरासरी ७५ डेसिबल पुष्कळ झाले. त्यासाठी दर स्पीकरला पाव वॉटही पुरतो. मात्र संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची चाट किंवा पखवाजाची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर उसळू शकते आणि त्या क्षणापुरती शंभरपट शक्ती लागते : वीस-पंचवीस वॉट. म्हणजे खरेखुरे तीस वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर अशा घराला पुरून उरतो. दुकानात हे सांगून पाहा, तुमच्याकडे दयेने पाहतील.

५

दुसरा गुण ओहमचा. स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ असे छापलेले असते आणि तो त्याचा स्थिर गुणधर्म आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक ती एक सरासरी काढलेली सोय आहे. स्पीकरचा विरोध स्वरागणिक बदलतो. शंकूच्या नैसर्गिक कंपनाजवळ तो तीस ओहमच्या वर जाईल, दुसरीकडे पाचावर उतरेल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कमीत कमी विरोध छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे आठ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली उतरू नये. बाजारातले कित्येक ‘आठ ओहमवाले’ या कसोटीवर चार ओहमचे ठरतील. विरोध उतरला की अ‍ॅम्प्लिफायरला जास्त प्रवाह द्यावा लागतो. स्वस्त रिसीव्हर तापतो, कधी संरक्षण-रिले टकटक वाजून बंद पडतो. जुन्या रिसीव्हरच्या पाठीवर ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन जोड्यांची सोय असते. चार ओहमच्या दोन जोड्या तिथे एकदम जोडल्या तर बहुतेक रिसीव्हरांवर दोन ओहमचा भार येतो. गुण जमले होते, पण एका घरात दोन संसार थाटल्यावर ते पुरले नाहीत.

ओहमची खरी गंमत मात्र दुसरीकडे आहे. अ‍ॅम्प्लिफायरलाही स्वतःचा अंतर्गत विरोध असतो. चांगल्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो एका ओहमच्या वीसाव्या भागाइतका नगण्य, तर काही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये दोन ओहमपर्यंत. समजा, एका स्पीकरचा विरोध काही स्वरांना चार ओहम आणि काहींना वीस ओहम आहे. ट्रान्झिस्टरवर या दोहोंच्या आवाजातला फरक ०.१ डेसिबलच्याही आत राहतो, तो कोणालाही ऐकू येणार नाही. दोन ओहमच्या व्हॉल्व्हवर मात्र तोच फरक २.७ डेसिबलचा होतो, आणि तो कोणालाही ऐकू येईल. त्या अ‍ॅम्प्लिफायरने नकळत स्पीकरचा सूर बदललेला असतो. स्पीकर बदलला की हा बदलही वेगळा होतो. जोडीचा परिणाम दोघांपैकी एकट्याचा नसतो, असे जे म्हणतात ते इथे शब्दशः खरे आहे, आणि ते आकड्यांत सांगता येते.

याच नियमाने तारेचा प्रश्नही सुटतो. घराच्या वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची पाच मीटर तांब्याची तार जाऊन-येऊन ०.०७ ओहमचीच भर घालते. हजारो रुपयांच्या तारांबद्दल याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

६

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. जानेवारी १९९३ मध्ये मी ते जळके ट्विटर घेऊन तपकीर गल्लीत गेलो. रिकॉइलिंग करणारे वयस्क कारागीर होते. कॉइल नखाने खरवडून म्हणाले, ‘‘छोटा अ‍ॅम्प्लिफायर लावला होतास ना? मोठ्यानं स्पीकर जळत नाही पोरा, छोट्यानं जळतो.’’ पंधराने शंभर जाळण्याचे कोडे त्यांनी एका वाक्यात सोडवले होते, असे मला तेव्हा वाटले.

त्या वाक्यातले खरे किती? छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्यापलीकडे बटण फिरवले की लहरींचे माथे कापले जातात, याला ‘क्लिपिंग’ म्हणतात. पूर्णपणे कापलेली चौकोनी लहर त्याच उंचीच्या सुबक लहरीच्या दुप्पट शक्ती वाहते, म्हणजे माझ्या पंधराचे तीस झाले असतील. मासिकांतून एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते की, कापलेल्या लहरीतून नवे उंच स्वर तयार होतात आणि ते ट्विटर जाळतात. यात तथ्य आहे, पण मुख्य कारण याहून साधे आहे. माथे कापले जातात ते खर्जाचे, कारण सर्वांत मोठ्या लहरी त्यांच्याच. त्यांची वाढ थांबते. वरचे बारीक स्वर मात्र बटणासोबत वाढतच राहतात. एरवी ट्विटरच्या वाट्याला शक्तीचा अगदी थोडा अंश येतो आणि त्याची केसाएवढ्या तारेची कॉइल तेवढ्यासाठीच बनवलेली असते. ‘शंभर वॉटचा स्पीकर’ याचा अर्थ नेहमीच्या संगीताची शंभर वॉटची वाटणी पेलणारा स्पीकर. त्यातला ट्विटर एकटा पाच-दहा वॉटवर सतत चालवला तर जळतो. माझ्या हिशोबात शंभर होते, ट्विटरच्या हिशोबात पाच.

तेव्हा कारागिरांचे वाक्य अर्धे खरे. छोटा अ‍ॅम्प्लिफायर कोणाला जाळत नाही. न झेपणारे काम त्याच्याकडून करून घेणारा हात जाळतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवर तोच हात पुढे गेला असता तर बहुधा खर्जाचा मोठा ड्रायव्हर गेला असता. पण ‘मोठाच घ्या, सुरक्षित असतो’ असा विक्रीचा मंत्र बनवायला हे अर्धे वाक्य फार सोयीचे पडते.

७

आकड्यांवरचा विश्वास उडाला तेव्हा त्यांची जागा विशेषणांनी घेतली. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ हे मासिक काढले ते मोजमापांपेक्षा प्रत्यक्ष ऐकण्याला महत्त्व द्यावे म्हणून. भूमिका रास्त होती. पण ऐकलेले सांगायला शब्द लागतात. मग आवाज ‘उबदार’, ‘थंड’, ‘हवेशीर’, ‘कोरडा’ होऊ लागला. १९९० मध्ये होल्ट यांनी अशा शब्दांचा कोशच प्रसिद्ध केला. त्यांच्या बाजूने हे म्हणायला हवे की, शब्द नेमके वापरले जावेत ही त्यामागची तळमळ होती. अनुयायांनी कोश बाजूला ठेवला आणि शब्द उधळले. मग पत्रिकेचे नवे गुण निघाले : तीक्ष्ण स्पीकरला उबदार अ‍ॅम्प्लिफायर, मवाळ स्पीकरला चुणचुणीत.

आपल्याकडच्या संगीतसमीक्षेलाही हा रोग नवा नाही. ‘भरीव’, ‘टोकदार’, ‘काळजाला हात घालणारा’ असे लिहून आपणही पुष्कळदा निसटतो. म्हणून मी या मंडळींकडे वरून पाहत नाही. प्रश्न एवढाच विचारतो : हे विशेषण नेमके कशाला लावले आहे? अ‍ॅम्प्लिफायरला, स्पीकरला, खोलीला, की किमतीला?

१९८५ मध्ये याची एक रंजक परीक्षा झाली. बॉब कार्व्हर या अभियंत्याने ‘स्टिरिओफाइल’च्या मंडळींना आव्हान दिले की, तुम्ही निवडाल त्या महागड्या अ‍ॅम्प्लिफायरसारखा आवाज मी माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्रातून काढून दाखवतो. न्यू मेक्सिकोत एका हॉटेलच्या खोलीत बसून त्याने दोन्ही यंत्रांच्या संदेशांतला फरक मोजत मोजत जवळपास शून्यावर आणला आणि मासिकाच्या जाणकारांना दोहोंत भेद सांगता आला नाही. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रांबद्दल दोघांत बराच वाद झाला, तो वेगळा. मला यातून दिसते ते असे की, ‘उबदारपणा’ला मोजता येण्याजोगे कारण होते. वरच्या २.७ डेसिबलच्या उदाहरणात त्या कारणाचा एक मोठा भाग येऊन गेला आहे.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्यामागे स्पीकर ठेवून श्रोत्यांना ऐकवण्याचे काम अनेक वर्षे केले. १९९४ मध्ये शॉन ऑलिव्ह यांच्यासह मांडलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की, स्पीकर डोळ्यांना दिसत असताना आणि दिसत नसताना तीच माणसे वेगळी मते देतात. पण त्यांच्या कामातली दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. पडदा ओढला की सामान्य श्रोते आणि तज्ज्ञ यांच्या आवडीनिवडी बऱ्याच जुळतात. कोणताही स्वर अवाजवी पुढे न आणणारा, सरळ वागणारा स्पीकरच बहुतेकांना आवडतो. म्हणजे सामान्य माणसाचे कान शाबूत आहेत. त्यांना बिचकवले आहे ते माहितीपत्रकाने.

८

राहिली खोली. बारा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा स्वर घुमतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५६ चा. काळी एकच्या पट्टीतल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या जवळपास असतो, डग्गाही फार दूर नसतो. स्पीकर कोपऱ्यात सारला की हा सगळा पट्टा फुगतो आणि गाणे पिंपात बसून ऐकल्यासारखे होते. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घेतला की तेच गाणे मोकळे होते. रिसीव्हर बदलून जे कधी साधणार नाही ते स्पीकर दोन हात सरकवून साधते, तेही फुकट. लहान स्पीकर तो खर्ज पूर्ण देत नाही, तरी वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान तो जुळवून घेतो. पण त्यासाठी ते वरचे स्वर, म्हणजेच जवारी, जागेवर असावे लागतात.

तेव्हा माझा क्रम बाजाराच्या उलट आहे. आधी खोली पाहा. तिच्या मापाचे सरळ स्वभावाचे स्पीकर निवडा आणि निम्म्याहून अधिक पैसे तिथेच खर्च करा. मग त्या स्पीकरची संवेदनशीलता आणि सर्वांत कमी विरोध विचारून तो पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. हल्लीच्या पुष्कळ स्पीकरांत अ‍ॅम्प्लिफायर पेटीतच बसवलेला येतो, म्हणजे शंभर वर्षांनी आपण ‘रेडिओला १०४’ कडे परत आलो आहोत. तिथे तर हा प्रश्नच उरत नाही. आणि ऐकताना काही खटकले, तर स्वतःच्या कानांना दोष देण्यापूर्वी वायर, ट्विटर आणि भिंत तपासा.

रिकॉइल केलेले ट्विटर मी एका रविवारी सकाळी मामाच्या घरी बसवले. त्याला म्हटले, जरा वायर नीट करतो. त्याने नेहमीची रेकॉर्ड लावली. पहिल्या मिनिटातच तो खुर्चीत पुढे सरकला. जवारी समोर उघडली होती. मग मी सगळे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. रेकॉर्डची बाजू संपल्यावर म्हणाला, ‘‘म्हणजे कानाच्या डॉक्टरला दोनदा पैसे दिले ते तुझ्याकडून घ्यायला हवेत.’’ तो डॉक्टरकडे गेला होता हे मला तोवर ठाऊक नव्हते, मामीलाही नव्हते.

ते स्पीकर आता माझ्याकडे आहेत आणि मी मामाच्या त्या वेळच्या वयाला येऊन पोहोचत आहे. बारा हजार हर्ट्झच्या वरचे मला फारसे ऐकू येत नाही, ते मी मोजून पाहिले आहे. तरीही एखाद्या सकाळी तानपुरा मागे गेल्यासारखा वाटला, तर मी आधी उठतो आणि ट्विटरला कान लावतो.